फायटरची पिल्लं जगवायची तर: नाशिकच्या घरात बेट्टा ब्रीडिंग, पहिल्या तयारीपासून विक्रीपर्यंत

बेट्टाची, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांतल्या भाषेत फायटरची, जोडी लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. निरोगी नर, अंड्यांनी भरलेली मादी आणि कोमट पाणी एवढं जमलं की दोन-तीन दिवसांत अंडी पडतात. खरी अडचण पुढे येते. पाचव्या दिवशी दीड-दोनशे पिल्लं पोहायला लागतात आणि घरात त्यांच्या तोंडात मावेल असं काहीच नसतं. मग पेलेट कुटून टाकले जातात. पिल्लं त्या पावडरकडे बघतसुद्धा नाहीत, ती तळाशी कुजते आणि आठवड्याभरात टाकीत बोटावर मोजण्याइतकी पिल्लं उरतात.

म्हणून तयारी उलट्या क्रमाने करा. आधी पिल्लांचं खाणं, मग नरांसाठी बरण्या, मग पाणी आणि टाकी. जोडी सगळ्यात शेवटी. खाण्याची कल्चर, म्हणजे बरणीत वाढवलेलं जिवंत खाद्य, तयार नसतील तर मादी कितीही भरलेली दिसली तरी थांबा. ती पुन्हा भरते.

तीन-चार आठवडे आधी: पिल्लांचं खाणं

नुकतं पोहू लागलेलं पिल्लू जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं आणि त्याला हलणारं खाणंच दिसतं. त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत जिवंत खाद्याला पर्याय नाही. किमान दोन प्रकार तयार ठेवा, कारण एखादं कल्चर नेमकं गरजेच्या दिवशी बसतं.

पहिला प्रकार इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव. बेट्टा मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागातल्या भातखाचरांतला आणि दलदलीतला मासा. तिथे कुजणाऱ्या पेंढ्याच्या पाण्यावर जे सूक्ष्मजीव वाढतात, तेच पिल्लांचं पहिलं अन्न. नाशिककरांना त्यासाठी लांब जायला नको. इगतपुरी-घोटीकडे भाताचा पेंढा मिळतो, फक्त त्यावर औषध फवारलेलं नाही एवढी खात्री करून घ्या. मूठभर पेंढा दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गार होऊ द्या. त्यात चालू टाकीतलं पेलाभर पाणी आणि जुना स्पंज पिळून निघालेला थोडा गाळ घाला. बरणीच्या तोंडाला कापड बांधून ती उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि वास मारतं. या अवस्थेत ते पिल्लांच्या टाकीत घालू नका. तो सगळा जिवाणूंचा थर असतो आणि त्याने टाकीतला प्राणवायू कमी होतो. चौथ्या ते सहाव्या दिवशी पाणी पुन्हा निवळतं. बरणी उजेडासमोर धरून भिंग लावलं की धुळीच्या कणांसारखे पांढरे ठिपके स्वतःहून सरकताना दिसतात. तेव्हा ते खाण्यालायक झालं. दर तीन दिवसांनी एक नवी बरणी लावत गेलात की साखळी तुटत नाही.

दुसरा प्रकार व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणारे धाग्यासारखे बारीक जंत. नवशिक्याला आमची पहिली शिफारस हीच आहे, कारण हे कल्चर महिनोन्‌महिने दुर्लक्ष सहन करतं. अॅपल सायडर व्हिनेगर आणि साधं पाणी सम प्रमाणात घ्या. त्यात सालं काढलेल्या सफरचंदाच्या दोन-तीन फोडी आणि कोणा छंदिष्टाकडून आणलेलं वाटीभर तयार कल्चर घाला. कापड बांधून अंधाऱ्या कपाटात ठेवा. बऱ्यापैकी दाट व्हायला तीन ते चार आठवडे लागतात, म्हणून याची सुरुवात सगळ्यात आधी.

काढायची पद्धत अशी: लांब, अरुंद मानेच्या बाटलीत मानेच्या खालपर्यंत कल्चर भरा. त्याला टेकेल असा फिल्टरच्या कापसाचा बोळा मानेत बसवा आणि वर साधं क्लोरीनमुक्त पाणी हळूच ओता. १२ ते २४ तासांत ईल हवेच्या ओढीने कापसातून वर चढतात. वरचं पाणी उजेडात धरलं की त्यात बारीक चंदेरी धागे वळवळताना दिसतात. ते ड्रॉपरने उचलून थेट टाकीत सोडा, व्हिनेगर आत जात नाही. हे ईल गोड्या पाण्यात काही दिवस जगतात आणि वरच्या थरात पोहत राहतात. पिल्लंही तिथेच असतात. मायक्रोवर्म नावाचे बारीक जंत ओट्सच्या घट्ट लापशीवर सहज वाढतात, पण पाण्यात पडले की तळाशी जातात आणि एका दिवसात मरतात. ते जोडखाद्य म्हणून ठीक, एकट्यावर विसंबू नये.

आर्टेमिया: पुढच्या तीन आठवड्यांचा कणा

पोहू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिल्लांना आर्टेमियाची, म्हणजे ब्राइन श्रिंपची, ताजी फुटलेली पिल्लं खाता येतात. वाढीच्या वेगात दुसरं कुठलंही खाद्य याच्या जवळ येत नाही. अंडी सीलबंद डब्यातली घ्या आणि उघडलेला डबा हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा. सुटी, पुडीत बांधलेली अंडी ओलावा धरतात आणि निम्मीसुद्धा फुटत नाहीत.

कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी आणि काट्यावर मोजून २५ ग्रॅम खडे मीठ घाला. आरओचं पाणी असेल तर चिमूटभर खायचा सोडाही घाला, कारण अंडी फुटायला पाणी थोडं अल्कधर्मी लागतं. अंडी पाव चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. हवेची नळी थेट बुचापर्यंत न्या आणि पाणी खळखळत राहील एवढी हवा द्या. शेजारी दिवा चालू ठेवा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर २४ ते ३६ तासांत नारिंगी ढग दिसतो. नाशिकच्या जानेवारीत ही बाटली उघड्यावर ठेवली तर दोन दिवसांनीही काही फुटत नाही. ती हीटर असलेल्या बादलीत उभी करा किंवा थर्माकोलच्या खोक्यात दिव्यासोबत ठेवा.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि खालच्या बाजूला टॉर्च धरा. टरफलं वर तरंगतात, जिवंत पिल्लं उजेडाकडे खाली जमतात. नळीने फक्त तो नारिंगी थर सुती हातरुमालावर गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि मग टाकीत घाला. टरफलं आत गेली तर पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून शेवटचा गढूळ भाग सोडून द्या. आर्टेमियाच्या अंगातला पोषक साठा फुटल्यानंतर काही तासांतच कमी व्हायला लागतो. त्यामुळे दोन बाटल्या ठेवा, एक सकाळी लावायची, दुसरी संध्याकाळी.

बरण्यांचा हिशेब

साधारण निम्मी पिल्लं नर निघतात आणि दोन महिन्यांनंतर प्रत्येक नराला वेगळी बरणी लागते. शंभर पिल्लं वाढली तर पन्नास बरण्या, म्हणजे दिवसाआड पन्नास बरण्यांचं पाणी. फ्लॅटमध्ये वीसच बरण्यांची जागा असेल तर पहिल्या महिन्यातच ठरवा की चाळीस पिल्लंच पुढे न्यायची, बाकीची दुसऱ्या छंदिष्टांना द्यायची. याचा विचार न करता जोडी लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बरणी किमान एक लिटरची, रुंद तोंडाची आणि झाकणाला भोकं पाडलेली हवी.

पाणी: नळाचं, बोअरचं की आरओचं

नाशिक शहराला मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी मिळतं. बेट्टासाठी ते चांगलं आहे, फक्त त्यातला क्लोरीन काढावा लागतो. उघड्या ड्रममध्ये २४ तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, किंवा अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं तेव्हा नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो. त्या महिन्यांत दोन्ही करा.

बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. मोठा मासा त्यात निभावून नेतो, पण ब्रीडिंगसाठी त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या टाकाऊ नळीतलं पाणी मात्र कधीच वापरू नका. वाचवलेलं पाणी म्हणून बरेच जण ते टाकीत घालतात, पण मूळ पाण्यातले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये कुठेही असला तरी चालतो. आकड्यामागे लागून रोज रसायनं घालण्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं.

बदामाची पानं जरूर वापरा. इथे आपल्या रस्त्याकडेचा देशी बदाम अभिप्रेत आहे, सुक्या मेव्यातला नव्हे. हिवाळ्याच्या शेवटी त्याची पानं लालभडक होऊन गळतात, तेव्हाच वर्षाचा साठा करून ठेवावा. झाडावरून तोडलेली हिरवी पानं नकोत. गळून तपकिरी झालेली घ्या, धुऊन सावलीत कडक वाळवा. वर्दळीच्या रस्त्यावरची आणि द्राक्षबागेच्या बांधावरची पानं टाळा, कारण धुराचा आणि फवारणीचा थर धुऊन पूर्ण जात नाही. १० ते १५ लिटरला एक मध्यम पान पुरतं. दोन-तीन दिवसांत पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. पानातल्या टॅनिनमुळे बुरशी आणि जिवाणू आटोक्यात राहतात, शिवाय कुजणाऱ्या पानावर सूक्ष्मजीव वाढतात ते वेगळंच.

टाकी कशी लावायची

दीड फुटी टाकी घ्या, म्हणजे १८ इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच. त्यात पाणी फक्त १५ सेंटिमीटर भरा. ते साधारण २० लिटर होतं. नराला घरट्यातून निसटलेली अंडी तळातून उचलून परत वर न्यावी लागतात आणि इवल्या पिल्लांनाही खोल पाण्यात वर-खाली करणं जड जातं, म्हणून पाणी कमी. तळाला वाळू किंवा खडी घालू नका. अंडी खड्यांत हरवतात आणि साफसफाई अशक्य होते.

स्पंज फिल्टर दुसऱ्या चालू टाकीत किमान तीन-चार आठवडे वापरलेला हवा. कोऱ्या स्पंजमध्ये घाणीतून बनणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, त्यामुळे तो असून नसल्यासारखा. हवेच्या नळीला व्हॉल्व्ह लावा. घरटं आहे तोवर हवा बंद ठेवायची, नंतर सेकंदाला एक-दोन बुडबुडे एवढीच.

हीटर ५० वॉटचा, पूर्ण बुडणारा घ्या. १५ सेंटिमीटर पाण्यात तो उभा लावता येत नाही, म्हणून तळाशी आडवा बसवा. पाणी काढण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबायचं. तापलेली काच उघडी पडली की तडकते. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, वेगळा थर्मामीटर लावून पाणी २७ ते २८ अंशांवर स्थिर करा.

नाशिकमध्ये हंगाम बघून जोडी लावणं शहाणपणाचं. जुलै ते ऑक्टोबर हा सोपा काळ, कारण हवा दमट असते आणि हीटरला फार कष्ट पडत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास आणि निफाडकडे त्याहूनही खाली जातो. तेव्हा टाकीच्या तिन्ही बाजूंना आणि खाली थर्माकोलच्या शीट लावा. त्याने हीटरचा भार कमी होतो आणि वीज गेली तरी पाणी काही तास ऊब धरतं. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत पाणी ३२ अंशांवर जाऊ शकतं, म्हणून टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

झाकण घट्ट हवं. काच किंवा स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म चालते, कोपऱ्यात बोटभर फट ठेवा. याचं कारण पुढे पिल्लांच्या श्वसनात येतं.

घरट्याला आधार म्हणून तळहाताएवढा बबल रॅपचा तुकडा, फुगे खाली करून, फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात काचेला चिकटवा. द्राक्षाच्या पेटीतली बबल शीट इथे घरोघरी पडलेली असते, पण ती घेऊ नका. निर्यातीच्या पेट्यांत द्राक्षं टिकवायला सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड घालतात आणि शीटला त्याचा अंश लागलेला असतो. कोरा तुकडा घ्या, नाहीतर बदामाचं तरंगतं पानही पुरतं.

एका बाजूला जावा मॉस किंवा दुसऱ्या बारीक वनस्पतीचा दाट जुडगा ठेवा, तो मादीच्या लपण्यासाठी. वनस्पती आठवडाभर वेगळ्या भांड्यात निरखून मगच आत घाला. त्यांच्यासोबत हायड्रा येतो. काचेला चिकटलेला, बारीक सोंडा पसरलेला हा जीव एकेक करून पिल्लं गिळतो.

जोडी निवडणं आणि खाऊ घालणं

नर ४ ते १२ महिन्यांचा असावा. मादी चार-पाच महिन्यांची झाली की चालते, पण ती नरापेक्षा किंचित लहान हवी, कारण मीलनात नराला तिच्याभोवती पूर्ण वळसा घालावा लागतो. दुकानातला मोठ्या शेपटीचा नर बऱ्याचदा वर्षाच्या पुढचा असतो. तो दिसायला देखणा, पण घरट्याला आळशी. लांब जड पंखांच्या हाफमूनपेक्षा आखूड पंखांच्या प्लाकट जातीचा नर पहिल्या प्रयत्नाला सोपा जातो, तो दमत नाही.

रंगाचा अंदाज बांधायचा असेल तर निळ्या घराण्यापासून सुरुवात करा. स्टील ब्लू आणि टर्क्वाइज यांची जोडी लावली की सगळी पिल्लं रॉयल ब्लू निघतात. रॉयल ब्लूची जोडी रॉयल ब्लूशीच लावली तर साधारण निम्मी रॉयल ब्लू आणि बाकी दोन रंगांची पाव-पाव. कोई किंवा मार्बल जातीत असा हिशेब लागत नाही, तिथे मासा मोठा होतानाही रंग बदलतो. दोन डबल-टेल एकमेकांशी लावू नका. पाठीच्या कण्याचे दोष वाढतात. दुसरा जोडीदार साध्या शेपटीचा घ्या.

आणलेली जोडी दोन आठवडे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा. आजार असेल तर याच काळात दिसतो आणि खाऊ घालण्याचं कामही याच काळात होतं. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या: डॅफ्निया (तळ्यातले बारीक जीव), गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), चांगले पेलेट. नाल्यातून आणलेले जिवंत ट्युबिफेक्स जंत देऊ नका, त्यांच्यासोबत रोग घरात येतात. तळ्यातून डॅफ्निया आणलात तर आधी पांढऱ्या थाळीत ओतून निरखा. चतुराची अळी त्यात हमखास सापडते आणि ती पिल्लांची शत्रू आहे. द्राक्षबागेलगतच्या शेततळ्यातलं काहीच आणू नका. फवारणीचे अंश डॅफ्निया मरणार नाही इतके कमी असले तरी पिल्लांवर परिणाम होऊ शकतो.

डासांच्या अळ्या बेट्टाला फार आवडतात, पण त्यासाठी घरात उघडी बादली ठेवणं आम्हाला मान्य नाही. पावसाळ्यात डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि एक चाळणी चुकली की शेजारपाजाऱ्यांच्या घरात डास जातात.

मादी तयार झाली की तिचं पोट गोल दिसतं, पोटाखाली पांढरा ठिपका, म्हणजे अंडनलिका, उठून दिसतो आणि नर दिसताच अंगावर उभे फिके पट्टे येतात. आडवे पट्टे म्हणजे भीती. ते दिसले तर आणखी थांबा.

मीलन

नराला टाकीत सोडा. मादीला दोन्ही टोकं कापलेल्या पारदर्शक बाटलीत किंवा कंदिलाच्या चिमणीच्या काचेत त्याच टाकीत उभं ठेवा. दोघं एकमेकांना बघतात, पण चावू शकत नाहीत. २४ ते ४८ तासांत नर बबल रॅपखाली फेसाचं घरटं बांधतो. घरटं जाड झालं आणि मादी पट्ट्यांसह डोकं खाली घालून त्याच्याकडे वळू लागली की संध्याकाळी बाटली उचला.

सुरुवातीला पाठलाग होतो, कल्ले फुगतात, मादीचे पंख थोडे फाटतात. इतपत चालतं. मादी कोपऱ्यात निपचित पडली, खवले निघाले किंवा नर २४ तासांत घरट्याकडे फिरकलाच नाही तर दोघांना वेगळं करा. आठवडाभर खाऊ घाला आणि पुन्हा प्रयत्न करा.

जुळलं की मादी घरट्याखाली येते आणि नर तिला वळसा घालून आवळतो. पहिले काही विळखे कोरडे जातात. मग एकेका विळख्याला दहा ते चाळीस अंडी, खसखशीच्या दाण्यांएवढी, पांढरी, संथ खाली पडायला लागतात. मादी काही क्षण बधिर तरंगत राहते, तेवढ्यात नर तोंडाने अंडी वेचून एकेक फुग्यात ठेवतो. हे दोन ते सहा तास चालतं, एकूण अंडी शंभर ते पाचशे. या वेळी खोलीत दिवे पेटवू-विझवू नका आणि टाकीला टकटक करू नका. एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, अंधारात नराला पडलेली अंडी सापडत नाहीत.

मादी लांब जाऊन लपली आणि नर तिला हाकलू लागला म्हणजे संपलं. तिला दूरच्या बाजूने अलगद काढा. बदामाचं पान घातलेल्या कोमट पाण्यात, लिटरला १ ग्रॅम मीठ घालून एकटी ठेवा. फाटलेले पंख दोन-तीन आठवड्यांत भरून येतात.

नर एकटा: पहिले चार-पाच दिवस

२८ अंशांवर अंडी २४ ते ३६ तासांत फुटतात. २४ अंशांवर दोन दिवसांच्या पुढे जातात आणि तेवढ्यात बुरशी धरते. फुटलेली पिल्लं घरट्याखाली शेपट्या खाली सोडून लटकतात, नीट पाहिलं तर उलटे स्वल्पविराम टांगल्यासारखी. एखादं खाली घसरलं की नर ते तोंडात धरून परत वर चिकटवतो. या काळात पिल्लांना खाणं घालायचं नाही, पोटातल्या बलकावर ती जगतात. नरालाही नाही दिलं तरी चालतं.

नराने अंडी खाल्ली तर लगेच त्याला दोष देऊ नका. बुरशी लागलेली आणि न फळलेली अंडी तो मुद्दाम काढतो. पहिलटकर नर घाबरून सगळीच खातो, विशेषतः कोणी सारखं झाकण उघडून बघत असेल तर. टाकीच्या तिन्ही बाजूंना कागद लावा. दोन वेळा असं झालं तर तिसऱ्या वेळी घरटं वाटीने उचला. ४-५ सेंटिमीटर पाण्याच्या भांड्यात मेथिलीन ब्लू या बुरशीरोधक निळ्या औषधाचे थेंब फिकट आकाशी रंग येईपर्यंत घाला, त्यात घरटं सोडा आणि अगदी हलकी हवा देऊन २८ अंशांवर ठेवा. नराइतकं चांगलं काम होत नाही, पण बरीच अंडी वाचतात.

फुटल्यावर दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहू लागतात. बहुतांश पिल्लं आडवी झाली त्याच दिवशी नर काढा. आणखी राहिला तर भूक लागून तो पिल्लं खाऊ शकतो.

खाणं आणि पाणी: पहिला महिना

नर काढल्यापासून तीन-चार दिवस इन्फ्युसोरिया आणि व्हिनेगर ईल, दिवसातून तीन-चार वेळा. इन्फ्युसोरिया एका वेळी अर्धा पेला. चौथ्या दिवशी आर्टेमिया सुरू करा, पण लहान पिल्लं मागे पडतात म्हणून ईल आणखी आठवडाभर चालू ठेवा. आर्टेमिया खाल्लेलं पिल्लू लगेच ओळखू येतं. पारदर्शक अंगातून पोट नारिंगी ठिपक्यासारखं चमकतं. घातल्यानंतर पंधरा मिनिटांनी बाजूने टॉर्च मारा. दहातल्या आठ पोटांत नारिंगी दिसलं तर प्रमाण बरोबर आहे. तासाभराने तळाशी नारिंगी थर साचला असेल तर जास्त झालं. सतत पोट फुगेपर्यंत खाणाऱ्या पिल्लांना पोहण्याचा तोल सांभाळता येत नाही आणि ती तळावर सरपटत राहतात. म्हणून भरपूर एकदाच देण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा द्या.

पाणी बदलणं नर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. एअर पंपाची बारीक नळी घ्या, तिच्या टोकाला सुती कापड रबराने बांधा आणि तळातला गाळ ओढून रोज दोन लिटर पाणी काढा. काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, आत गेलेली पिल्लं ड्रॉपरने उचलून परत सोडा. नवीन पाणी त्याच तापमानाचं हवं. ते गाठ मारलेल्या नळीतून थेंब थेंब सोडा, दोन लिटरला अर्धा तास लागला तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून रोज चार लिटर बदला आणि पाण्याची उंची हळूहळू वाढवा. तिसऱ्या आठवड्यानंतर शंभर पिल्लांना २० लिटर कमी पडतात. त्यांना दोन-अडीच फुटी टाकीत हलवा, नाहीतर वाढ खुंटते आणि मोठी पिल्लं लहानांना खातात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बेट्टाचा लॅबिरिन्थ हा हवेतून श्वास घेणारा अवयव तयार होतो आणि पिल्लं पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेऊ लागतात. पाण्यावरची हवा थंड आणि कोरडी असेल तर नेमकी याच दिवसांत मोठी मर होते. घट्ट झाकणाचा आग्रह याचसाठी. झाकणाच्या आतून बाष्पाचे थेंब दिसायला हवेत. हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून झाकण काढणं टाळा. पाण्यावर तेलकट तवंग आला तर कोरा टिश्यू पेपर पृष्ठभागावर टेकवून उचला, त्या तवंगाखाली पिल्लांना हवा घेता येत नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लं मरत असतील तर बहुधा उपासमार किंवा जास्त इन्फ्युसोरियाने नासलेलं पाणी. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात मर झाली तर अमोनिया किंवा व्हेल्व्हेट हा परजीवीचा रोग. व्हेल्व्हेट ओळखायला अंधारात बाजूने टॉर्च मारा: अंगावर गंजासारखी सोनेरी भुकटी, पंख मिटलेले, काचेला अंग घासणं. हा परजीवी उजेडावरही जगतो, म्हणून टाकी काळ्या कापडाने झाका, तापमान २८-२९ अंश ठेवा आणि लिटरला १ ग्रॅम मीठ एका दिवसात तीन हप्त्यांत विरघळवून घाला. तांब्याची औषधं इतक्या लहान पिल्लांना झेपत नाहीत.

पाचव्या आठवड्यापासून आर्टेमियासोबत चांगले पेलेट कुटून द्या. आठवडाभर सकाळच्या भुकेच्या वेळीच ते द्यायचे, म्हणजे सवय लागते. रंगही याच सुमारास दिसायला लागतो.

बरण्यांत हलवणं आणि विक्री

सात-आठ आठवड्यांत काही पिल्लं कल्ले फुगवून भावंडांच्या अंगावर जातात. ते नर. ज्याचे शेजारी फाटके दिसतात त्याला सगळ्यात आधी बरणीत टाका, सगळ्यांची एकदम वाट बघू नका. माद्या मोठ्या टाकीत एकत्र राहू शकतात, पण फार दांडगी असेल तिला वेगळं करा. बरणीत फिल्टर नसतो, म्हणून दिवसाआड पूर्ण पाणी बदला. हिवाळ्यात प्रत्येक बरणीला हीटर लावता येत नाही. मोठ्या टबात हीटर ठेवून पाणी २७ अंशांवर न्या आणि बरण्या त्यात गळ्यापर्यंत उभ्या करा. बरण्यांमध्ये पुठ्ठे लावा आणि दिवसातून दहा मिनिटंच काढा. सतत एकमेकांना बघून नर पंख चावून घेतात, तर थोड्या वेळाच्या फुगण्याने पंख चांगले पसरतात.

वाकडा कणा किंवा अर्धे कल्ले असलेले मासे विकू नका आणि त्यांची पैदासही करू नका. उरलेले मासे गोदावरीत, गंगापूरच्या बॅकवॉटरला किंवा कुठल्याही तळ्यात सोडू नका. बेट्टा इथला नाही, आणि घरातले रोग त्याच्यासोबत नदीत जातात.

चौथ्या महिन्यात मासे दुकानात द्यायच्या लायकीचे होतात. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा, कारण एकाच रंगाचे चाळीस नर एकदम कोणी घेत नाही. आठवड्याला पाच-सहा दिले तर भावही टिकतो. पॅकिंगच्या आदल्या दिवशी खाणं बंद करा. लहान पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश साधी हवा ठेवा. शुद्ध ऑक्सिजन भरायची गरज नाही, बेट्टा वरच्या हवेतूनच श्वास घेतो. प्रत्येक नर वेगळ्या पिशवीत, पिशवीला कागद गुंडाळलेला आणि थंडीत सगळं थर्माकोलच्या खोक्यात.